कॅमेलियन मादी तळाशी फिरतेय, खाणं बंद. अंड्यांसाठी जागा कशी करू? (बडोदे)

तिसरा_मजला · २७ सप्टेंबर, रात्री ९:४०

व्हेल्ड जातीची कॅमेलियन (रंग बदलणारा सरडा), मादी, वय नऊ महिने. नर कधीच जवळ आलेला नाही. पिंजरा जाळीचा, ६० × ६० × १२० सेंमी, तळाला फक्त वर्तमानपत्र. वजन गेल्या महिन्यात ९६ ग्रॅम होतं, आज ११८. एरवी पोपटी असते. आठ दिवसांपासून गडद हिरवी झालीय आणि अंगावर निळसर-पिवळे ठिपके आलेत. तीन दिवस किड्यांकडे बघत नाही, पाणी मात्र बराच वेळ पिते. आज दुपारपासून तळाशी उतरून कोपऱ्यातला कागद पुढच्या पायांनी खरवडतेय.

नर नाही तर अंडी कशी? रेती किती खोल लागते? घरात कोकोपीट आहे, ते चालेल का? शिवाय खाली चौकात गरब्याचा मंडप बांधायला घेतलाय, पुढच्या आठवड्यात स्पीकर लागतील.

दांडियाबाजारकर · २७ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, अंड्यांसाठी रेतीचा डबा उद्या दुपारच्या आत भरून पिंजऱ्यात गेला पाहिजे. कागद खरवडतेय म्हणजे जागा शोधतेय. जागा मिळाली नाही की ही जात अंडी पोटात धरून ठेवते, आणि मग प्रकरण दवाखान्यात जातं.

नराचं म्हणाल तर कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देतेच की. व्हेल्ड मादी पाच-सहा महिन्यांची झाली की नर असो वा नसो, अंडी धरू शकते. त्यातून पिल्लं निघत नाहीत एवढाच फरक. खणायची मेहनत आणि अंगातल्या कॅल्शियमची झीज तेवढीच. म्हणून खरं तर हा डबा पाचव्या महिन्यापासून पिंजऱ्यात हवा होता. असो.

डबा: रंगाचा असतो तसा वीस लिटरचा, पण नवा, रंग न भरलेला. पारदर्शक नको. तोंड तीसेक सेंमी, आत रेतीचा थर किमान २५ सेंमी. बोगदा तिरका जातो, त्यात मादी अख्खी शिरते, तळाशी वळते आणि तोंड वर करून अंडी घालते. दहा सेंमी रेतीत हे सगळं बसत नाही. आइस्क्रीमच्या डब्यात चार बोटं रेती घालून 'घालतच नाही' अशी तक्रार इथे दर महिन्याला येते.

ओल्या रेतीचा असा डबा पंचवीस किलोच्या वर जातो. जाळीच्या पिंजऱ्यांचा तळ पातळ असतो, स्टँडवर असला तर वाकतो. पिंजरा आधी जमिनीवर उतरवा, रिकामा डबा आत ठेवा आणि मग मगाने रेती भरा.

रेती नदीची, प्लास्टरची बारीक. बडोद्यात बांधकामांवर ओरसंगची येते, ती चालते. रव्याच्या चाळणीने चाळा, बादलीत चार-पाच पाण्यांनी धुवा, शेवटी उकळतं पाणी ओतून निथळू द्या. क्रशरची रेती नको, कण धारदार असतात आणि धूळ फार. समुद्राची नको, तिच्यात मीठ. दुकानात पाकिटात मिळणारी रंगीत 'कॅल्शियम सँड' तर मुळीच नको, ओली झाली की तिचे गठ्ठे होतात.

ओलावा: कोरडी असेल तर १० लिटर रेतीला साधारण सव्वा लिटर पाणी, थोडं थोडं घालत, कणीक तिंबतो तसं दोन्ही हातांनी कालवत. मग लाटण्याचं टोक तिरकं पंधरा सेंमी खुपसून अलगद बाहेर काढा. भोक तसंच राहिलं तर जमलं. कडा ढासळल्या तर कोरडी. भोकाच्या तळाशी पाणी चमकलं तर जास्त.

पोथोस_वेल · २७ सप्टेंबर, रात्री १०:५०

कोकोपीट एकटं नको. भुसभुशीत असल्यामुळे बोगद्याचं छत कोसळतं. एकदा अंगावर कोसळलं की बऱ्याच माद्या त्या डब्यात पुन्हा जात नाहीत. रेतीत फार तर चौथा हिस्सा मिसळा, तेही रेती पाणी धरत नसेल तरच.

दांडियाबाजारकर काकांनी एक सोडलं. डबा गुळगुळीत असतो, तिला आत उतरायला आणि बाहेर यायला फांदी लागते. अंगठ्याएवढी जाड, खडबडीत सालीची, वरच्या फांद्यांना टेकलेली. रेतीत मनीप्लांटचं छोटं रोप मुळांसकट खोचा. मुळाशी माती घट्ट राहते म्हणून माद्या बहुतेक वेळा रोपाच्या बुंध्यालगत खणतात.

आणि आडोसा. हा माझ्या मते रेतीपेक्षाही मोठा मुद्दा. खणताना कोणी बघतंय असं तिला कळलं की ती खड्डा अर्धा सोडून वर येते. तुम्ही तिला रोज हातावर घेत असलात तरी. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजू खालपासून साठ सेंमीपर्यंत जुन्या चादरीने झाका, समोरची बाजू निम्मी. मांजर असेल तर खोलीचं दार बंद. लक्ष ठेवायचंच असेल तर जुना मोबाइल आत बांधून व्हिडिओ कॉल चालू ठेवा, स्क्रीन काळी करून. पण तो मोबाइल डब्याबरोबरच आत जाऊ द्या. खणायला लागल्यावर हात घालू नका.

मंडपाबद्दल: कॅमेलियनला बाहेरून दिसणारा कान नसतो, हवेतला आवाज तिला कमीच कळतो. पण फांदीतून, जमिनीतून येणारा कंप चांगला कळतो. त्यामुळे गाण्यांपेक्षा ढोलाचा ठोका वाईट. पिंजरा चौकाकडच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत हलवा, खाली जाड रबराची चटई घाला. हलवायचं ते आज. खड्डा सुरू झाल्यावर पिंजरा जागचा हलता कामा नये.

तिसरा_मजला · २८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

रेती रात्री धुतली. आता ती आधीच ओली आहे, मग सव्वा लिटरचं गणित कसं लावू? लाटणं घातलं तर भोकात पाणी येतंय.

दांडियाबाजारकर · २८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

गणित विसरा, लाटण्यावर चाला. जुन्या सुती साडीत रेती बांधून गच्चीच्या नळाला तासभर टांगा, मग ताडपत्रीवर पसरून उन्हात दर दहा मिनिटांनी खालीवर करा. सप्टेंबरच्या उन्हात अर्धा-पाऊण तास पुरेल. डब्यात भरताना मात्र ती गार झालेली हवी. आणि दर पाच सेंमीला थापून दाबा, सैल भरलीत तर आतून पोकळ राहते.

कारेलीबागचा_बंड्या · २८ सप्टेंबर, सकाळी ९:३०

अंडी आहेत की नुसती फुगलीय ते पोट दाबून बघा ना. आणि अशक्तपणा येतो म्हणून रोज भरपूर किडे द्या, किड्यांना पालक घाला, पालकात कॅल्शियम असतं.

रातकिडा · २८ सप्टेंबर, सकाळी १०:१०

बंड्याभाऊ, तिन्ही नको.

पोट दाबायचं नाही. अंड्यांचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, आत फुटलं तर बलक पोटात पसरतो आणि ते जिवावर बेतू शकतं. ती फांदीवर असताना बाजूने बघा: मागच्या अर्ध्या भागात द्राक्षांच्या घडासारखे उंचवटे दिसतात. बघायचं ते एवढंच.

खायला आत्ता ती घेणारच नाही. अंड्यांनी पोट भरलंय, अन्नाला जागा नाही. तोंडात कोंबू नका. सकाळी दोन-तीन किडे वाटीत ठेवा, खाल्ले तर खाल्ले, संध्याकाळी वाटी बाहेर. पिंजऱ्यात मोकळे सोडलेले रातकिडे रात्री तिलाच चावतात, आणि खड्ड्यात शिरले तर अंडीही कुरतडतात.

पालकात कॅल्शियम आहे, पण त्याच्याबरोबर ऑक्झॅलेट इतकं की ते अंगी लागत नाही. किड्यांना शेवग्याचा पाला, कढीपत्ता, पपई, लाल भोपळा, गाजर द्या, तिला खायला घालण्याच्या आधीचे २४ तास तरी. तेवढ्यानेही भागत नाही, कारण रातकिड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. म्हणून वरून साध्या, व्हिटॅमिन डी-३ नसलेल्या कॅल्शियमची पूड दर वेळी. डी-३ असलेली महिन्यातून दोनदा, मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. किडे पिशवीत घालून चिमूटभर पुडीबरोबर हलवायचे, पांढुरकी छटा आली की पुरे. पिठात घोळवल्यासारखे केलेत तर ती तोंड फिरवते.

ताई, यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी टी-५ नळी किती जुनी आहे? वर्ष झालं असेल तर बदला. दिसायला तेवढीच लख्ख असते, पण यूव्हीबी उतरलेलं असतं. आणि ती काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या आडून देत नाही ना? काच यूव्हीबी अडवते. खिडकीतलं ऊन म्हणूनच उपयोगाचं नाही. जाळीसुद्धा बरंच खाते. नळी जाळीवर ठेवलेली असेल तर वरच्या फांदीपासून वीस-पंचवीस सेंमी अंतर राखा. यूव्हीबी नाही तर अंगात डी-३ तयार होत नाही, आणि डी-३ नाही तर दिलेलं कॅल्शियम पोटातून रक्तात जात नाही. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की अंडी बाहेर ढकलणारे स्नायू आकसत नाहीत. अंडी अडकण्याचं निम्मं मूळ इथे असतं.

खवलेवैद्य · २८ सप्टेंबर, दुपारी १:४५

आत्तापर्यंतचं वर्णन नेहमीचंच आहे, घाबरू नका. न खाणं, पाणी जास्त पिणं, तळाशी येरझाऱ्या. जोवर दिवसा डोळे टक्क उघडे आहेत, दोन्ही स्वतंत्र फिरताहेत आणि फांदीवरची पकड घट्ट आहे, तोवर वाट बघा.

थांबायचं नाही ते असं: दिवसाउजेडी डोळे मिटून बसणं. हे एकच दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. तळाशी निपचित पडणं, डोळे आत ओढलेले, तोंड उघडं. जोर काढतेय पण काही येत नाही. एक-दोन अंडी फांदीवरूनच टाकली आणि पुढे काही नाही. तीन दिवस खड्ड्यामागून खड्डा, अंडी नाहीत आणि पकड सैल पडत चाललीय.

अडकणं दोन प्रकारचं. एकात कवच धरलेली पूर्ण अंडी बाहेर येत नाहीत. दुसऱ्यात अंडाशयातले बलकाचे गोळेच सुटत नाहीत, तिथेच साठत राहतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र वेगळे. कवच धरलेली अंडी एक्स-रेत लांबट दिसतात, मोजताही येतात. गोळ्यांसाठी सोनोग्राफी बरी. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर आधी चित्र, मग इंजेक्शन. सलाइन, ऊब आणि कॅल्शियम देऊन थोडा वेळ बघतात. ऑक्सिटोसिन (अंडी ढकलणारे स्नायू आकसवणारं इंजेक्शन) कासवांमध्ये चांगलं लागू पडतं, सरड्यांमध्ये भरवसा कमी, आणि कॅल्शियम भरून न काढता किंवा वाट अडलेली असताना दिलं तर अंडनळी फाटू शकते. घरी कोणीही ते टोचू नये, गोठ्यातल्या गाईला देतात म्हणून तर नाहीच. याने झालं नाही तर शस्त्रक्रिया, त्यात अंडाशयही काढतात.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरडे बघत नाहीत. वेळ आली की शोधण्यापेक्षा आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून 'सरपटणाऱ्यांचा एक्स-रे करता का' एवढं विचारून ठेवा. आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बडोद्याहून चाळीसेक किलोमीटर आहे, त्यांनाही विचारा. नेताना भोकं पाडलेला खोका, आत आडवी काठी आणि ओला नॅपकिन. डिकीत नाही.

तिसरा_मजला · २९ सप्टेंबर, सायंकाळी ५:३०

काल दुपारी दोनला डबा आत गेला, फांदी, मनीप्लांट, चादर सगळं केलं. टी-५ चार महिन्यांची आहे, जाळीवर, फांदी २२ सेंमी खाली. आज सकाळी एक खड्डा खणला, साधारण आठ सेंमी, सोडून वर गेली. दुपारी दुसरा, तोही सोडला. डोळे उघडे, पकड घट्ट. खोलीत एसी २५ वर.

दांडियाबाजारकर · २९ सप्टेंबर, सायंकाळी ५:५०

दोन-तीन फसवे खड्डे चालतात, ती चाचपून बघत असते. पण एसी आहे म्हणता, तिथे शंका आहे. एसी वरचा थर सुकवतो. वरची चार-पाच सेंमी कोरडी झाली की ती भोकात ओघळते आणि खालची ओली रेती कितीही चांगली असली तरी बोगदा बुजत राहतो. रात्री ती वर झोपली आणि दिवे गेले की अंधारातच हात घालून वरच्या थराचा रंग बघा, मोबाइलच्या मंद उजेडात. खालच्याहून फिकट असेल तर झारीने पाव-अर्धा लिटर कोमट पाणी डब्याच्या कडेकडेने सोडा. मध्ये नाही, तिच्या खड्ड्यांवर नाही. गार पाणी नको, रेती थंड झाली की खणणं थांबतं. एसीचा झोत पिंजऱ्यावर येत असेल तर पाती वर करा. खड्डे बुजवू नका, उद्या त्यातलाच एक ती पुढे नेईल.

पोथोस_वेल · २९ सप्टेंबर, रात्री ८:१०

आणि दिवसातून किती वेळा चादर उचलून बघता ते प्रामाणिकपणे मोजा :) माझा पहिला संशय तोच असतो.

तिसरा_मजला · २९ सप्टेंबर, रात्री ८:४०

सात. वरचा थर फिकट होता, पाणी सोडलं. मोबाइल लावला.

तिसरा_मजला · ३० सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

तातडीचं. दुपारी चारपासून रोपाच्या बाजूला खोल गेलीय, मोबाइलमध्ये फक्त शेपटीची वेटोळी आणि अधूनमधून बाहेर उडणारी रेती दिसते. सात वाजता टायमरने दिवे जातात. चालू ठेवू का?

दांडियाबाजारकर · ३० सप्टेंबर, सायंकाळी ६:५४

नाही. दिवे रोजच्या वेळी जाऊ द्या. ती बोगद्यातच झोपेल, सकाळी दिवे आले की पुढे चालू. बाहेर काढू नका, टॉर्च मारू नका. दिवे लांबवले तर ती थकेपर्यंत खणत राहते. फवारा मात्र आज रात्री बंद, बोगद्यात पाणी जायला नको. उद्या सकाळी फवारलंत तर फक्त वरच्या पानांवर.

तिसरा_मजला · १ ऑक्टोबर, दुपारी २:२०

सकाळी अकरापर्यंत आत होती. नंतर तोंड बाहेर, मग तासभर मागच्या पायांनी रेती ओढून खड्डा बुजवला आणि वरून थोपटला. आता मधल्या फांदीवर आहे, सडपातळ, मातीने माखलेली. वजन ७९. आता काय?

रातकिडा · १ ऑक्टोबर, दुपारी २:४०

आधी पाणी. वरच्या पानांवर कोमट पाण्याचा फवारा सलग पंधरा-वीस मिनिटं, पानांवरून थेंब ओघळत राहतील असा. अंग धुतलं जाईल, डोळ्यांतली रेती ती स्वतः डोळे फिरवून काढते. बोटाने किंवा कापसाने पुसू नका. आंघोळ घालायला टबात ठेवू नका, हे बेडूक नव्हेत. पिंजऱ्यात थेंबथेंब गळणारी बाटली दुपारभर चालू द्या.

खाणं आजच सुरू करेल, कदाचित अधाशासारखं. आठवडाभर रोज आठ-दहा मध्यम किडे, प्रत्येक वेळी कॅल्शियम. सुपरवर्म (जाड अळी) एखाद-दुसराच, त्यात चरबी जास्त. एवढ्या मोठ्या मेहनतीनंतर वजनाचा तिसरा हिस्सा उतरणं नेहमीचं आहे, १५ दिवसांत बरंचसं भरून येतं.

खवलेवैद्य · १ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

अंडी काढून मोजा. वजनाच्या हिशेबाने तीसच्या आसपास असावीत, एकेक साधारण सव्वा ग्रॅम धरलं तर. दहा-बाराच निघाली आणि पोटात उंचवटे दिसत राहिले तर काही आत राहिलीत असं समजून एक्स-रे. मोजण्याचा उपयोग एवढाच.

तिसरा_मजला · १ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०५

३१. सगळी एकाच पोकळीत, तळापासून तीन बोटं वर. पांढरी २२, बाकी पिवळट आणि पिचकी. पोट सपाट दिसतं.

खवलेवैद्य · १ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

हिशेब जुळला. पिवळट म्हणजे नीट कवच न धरलेली. नर नव्हता म्हणून ती उबवायचा प्रश्नच नाही, पण रेतीत ठेवू नका. दोन दिवसांत कुजतात, आणि तुमच्याकडे काळ्या मुंग्या असतील तर वास लागायच्या आधी त्या येतील.

पोथोस_वेल · २ ऑक्टोबर, सकाळी ९:००

पुढच्या वेळचं आत्ताच ठरवा. व्हेल्ड मादी तीन-चार महिन्यांत परत अंडी धरू शकते, आणि दर खेपेला साठ-सत्तर अंडी घालणाऱ्या माद्या फार जगत नाहीत. संख्या कमी ठेवण्याचे दोन दोर आपल्या हातात असतात, खाणं आणि उष्णता. हा आठवडा संपला की एक दिवसाआड चार-पाच किडे, बस. उबेच्या दिव्याखालची फांदी २६-२७ अंशांवर, ३०-३२ वर नाही. ते तापमान नरांसाठी. बडोद्यात एप्रिल ते ऑक्टोबर हा दिवा लावायचीच गरज नसते, फक्त यूव्हीबी आणि उजेड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचे दोन-तीन तास पुरे. रात्री वीस-बावीसपर्यंत गार झालं तर उत्तम.

कारेलीबागचा_बंड्या · २ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

मग पोटात अंडी दिसली की लगेच खाणं कमी करायचं का?

रातकिडा · २ ऑक्टोबर, सकाळी १०:००

तिथेच लोक चुकतात. अंडी धरल्यावर खाणं तोडलं तर अंडी कमी होत नाहीत, मादी खंगते. आखडायचं ते रंग बदलण्याच्या आधीच्या महिन्यांत. आणि पोथोस_वेल, तुमचं एक दिवसाआड चार-पाच हे मोजमाप काट्यावर तोला. डोक्याच्या तुऱ्याखालचा भाग खोल गेला, बरगड्या मोजता यायला लागल्या तर ते आखडणं नव्हे, उपासमार आहे. दर रविवारी स्वयंपाकघरी वजनकाट्यावर काठीसकट ठेवून वजन घ्या, काठीचं वजा करा, वहीत लिहा. वजन स्थिर असताना अचानक दोन आठवड्यांत दहा-बारा ग्रॅमनी वाढलं की अंडी धरलीत.

पोथोस_वेल · २ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

मान्य. काही माद्या एवढं करूनही घालतातच, डबा काढायचा नाही.

मकरपुरा_जाळी · २ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

इथेच विचारतो. व्हेल्डची जोडी, १९ सप्टेंबरला जुळली, मादी दुसऱ्या दिवशी गडद झाली आणि नरावर फुसफुसायला लागली, तेव्हाच वेगळी केली. या अंड्यांतून पिल्लं काढायची आहेत. बडोद्यात घरी उबवता येतील का?

दांडियाबाजारकर · २ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मकरपुरा, आधी कॅलेंडर मांडा. जुळल्यापासून वीस ते तीस दिवसांत घालेल, म्हणजे साधारण ९ ते १९ ऑक्टोबर. उबायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे पिल्लं एप्रिल मध्यापासून जून मध्यापर्यंत कधीही. अंडी सगळ्यात भरलेली असतात नेमकी तेव्हाच बडोद्याचा पारा ४०-४२ वर. अंड्यांना हवेत २५ ते २८ अंश. ३० च्या वर सलग राहिली की आतला जीव मरतो, आणि तुम्हाला महिन्याने कवच पिचलं की कळतं. लोक हिवाळ्यात उबेची पॅड विकत घेतात. आपल्याकडे खरी अडचण गारव्याची आहे.

मांडणी: दोन लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा, झाकणाला गरम सुईने दोन-तीन भोकं. आत व्हर्मिक्युलाइट (पाणी धरणारं हलकं खनिज), वजनाने २०० ग्रॅम असेल तर पाणी १६० ते २०० ग्रॅम. वाटीने मोजू नका, काटा वापरा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार नको. अंगठ्याने खळगे करून अंडी निम्मी रुतवा, दोन बोटं अंतर ठेवून. रेतीतून काढताना जी बाजू वर होती तीच वर राहिली पाहिजे. काढायच्या आधीच मऊ पेन्सिलने वर टिंब करा, स्केचपेन नको. पहिल्या दिवसानंतर अंडं उलटं झालं तर आतला गर्भ दबून मरू शकतो.

भरलेल्या डब्याचं एकूण वजन झाकणावर लिहा. महिन्याने परत ठेवा काट्यावर. जेवढे ग्रॅम उतरले तेवढंच पाणी कडेने सोडा, अंड्यांवर नाही. बुरशी आलेलं, पिवळं पडून चपटं झालेलं बाहेर. पण सगळीच एकदम खळगा पडल्यासारखी दिसायला लागली तर ती मेलेली नाहीत, पाणी कमी पडलंय.

गारव्यासाठी: थंड आणि गरम दोन्ही करणारी छोटी पेटी असेल तर प्रश्न मिटला, २६ वर लावा. नाहीतर जाड थर्माकोलच्या खोक्यात पाण्याच्या सहा-आठ भरलेल्या बाटल्या आणि मध्ये अंड्यांचा डबा, खोकं एसीच्या खोलीत. बाटल्यांमुळे वीज गेली तरी तापमान सावकाश चढतं. मेच्या कोरड्या हवेत माठाच्या आतही खोलीपेक्षा सात-आठ अंश कमी मिळतं, पण जूनमध्ये हवा दमट झाली की माठ काम सोडतो, तेवढ्यावर विसंबू नका. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आत हवाच. आत्ताचा आकडा खोटं बोलतो, कमालीचा बोलत नाही.

आणि निघाली तर चाळीस पिल्लं, दोन-तीन महिन्यांत एकमेकांना चावायला लागणारी, सुरुवातीला फळमाश्या आणि पिनएवढे रातकिडे खाणारी. त्या माश्यांची पैदास दोन महिने आधी सुरू करावी लागते. एवढं होणार नसेल तर अंडी घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये. दोन महिन्यांनी विचार बदलून नाही. आणखी एक. मादी नराचं बीज साठवून ठेवते, पुढच्या खेपेचीही अंडी फळलेली निघू शकतात, नर दाखवला नाही तरी.

सूत्रधार · २ ऑक्टोबर, दुपारी ३:००

पिल्लांचा विषय निघाला म्हणून कागदपत्रांचं. व्हेल्ड आणि पँथर या दोन्ही कॅमेलियन जाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं हेही कळवावं लागतं. पिल्लं वाटायचा विचार असेल तर नोंद आधी. नको झालेलं जनावर आजवा तलावाच्या काठी सोडायचं नाही; व्हेल्ड फ्लोरिडात आणि हवाईच्या माउई बेटावर असंच सुटून स्थिरावलंय.

निजामपुरा_बाग · २ ऑक्टोबर, सायंकाळी ७:२०

आमच्या सोसायटीच्या बागेत एक काचिंडो (गुजरातीत सरडा) कुंडीशेजारी माती खणतोय, मुलं दगड मारायला जातात. तोही असाच का?

पोथोस_वेल · २ ऑक्टोबर, रात्री ८:००

पाय बघा. पाच बोटं सुटी असतील तर तो बागेतला साधा सरडा, मादी. चिमट्यासारखी दोन-तीनच्या जुडग्यात जोडलेली बोटं, शेपटीची गुंडाळी आणि शंकूसारखे फिरणारे डोळे असतील तर आपला देशी कॅमेलियन, सरडगुहिरा. तोही पावसाळ्यानंतर अंड्यांसाठीच जमिनीवर उतरतो. तो कायद्याने संरक्षित आहे, घरात आणणं गुन्हा. दोघांसाठी उपाय एकच: दोन खुर्च्या आडव्या लावा, मुलांना संध्याकाळपर्यंत दुसरीकडे खेळवा. ती जागा पुढचे काही महिने खणू नका, पाणीही नेहमीएवढंच. जखमी असेल तर प्राण्यांच्या मदतीच्या १९६२ क्रमांकावर फोन.

तिसरा_मजला · ३ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

काल नऊ किडे खाल्ले, आज सकाळी विष्ठा नीट, वरचा भाग पांढरा. रंग परत पोपटी होतोय. हीच रेती ठेवू की बदलू?

दांडियाबाजारकर · ३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

विष्ठेतला युरेट (लघवीचा घट्ट भाग) पांढरा आहे म्हणजे पाणी पुरेसं आहे. केशरी दिसला तर फवारा वाढवा.

रेती तीच, पण अंडी होती त्या पोकळीच्या आजूबाजूची दोन मुठी काढून टाका, तिथे चिकट द्रव झिरपलेला असतो, बुरशी तिथूनच धरते. उरलेली उन्हात कडक वाळवा, परत ओली करा, डबा आत. झाकण नको. आठवड्यातून एकदा लाटण्याची परीक्षा, कोरडी वाटली की कडेने पाणी. डिसेंबरच्या शेवटी वजन चढायला लागलं तर समजा, आणि संक्रांतीच्या दोन दिवस आधी पिंजरा खिडकीपासून हलवा. गच्चीवर स्पीकर लागतात, आणि डोक्यावरून जाणारे पतंग तिला ससाण्यासारखे दिसतात.

तिसरा_मजला · ३ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

लाटणं धुऊन परत ओट्यावर ठेवलं तर चालेल ना?

खवलेवैद्य · ३ ऑक्टोबर, सकाळी ८:५२

नाही! सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो, आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच सांभाळा. ते लाटणं आता डब्याचं. पोळ्यांना नवीन आणा.